रंगत, नाव आणि सर्वनाम : भूमिका-खेळांतील कल्पनाविश्वाच्या घडणीविषयी

जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनीव्हा या लहान गावी, लाकडी पोताचा छापील कागद चिकटवलेल्या एका खोक्यातून तीन पुस्तिका विक्रीस आल्या. प्रती एक हजार होत्या. किंमत दहा डॉलर. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हे त्या खेळाचे नाव. त्याच्या दोन कर्त्यांपैकी गॅरी गायगॅक्स हा विमा कंपनीतील नोकरी सुटल्यानंतर जोडे दुरुस्त करून घर चालवीत होता. दुसरा, डेव्ह आर्नेसन, मिनेसोटातील मिनिआपोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांत मित्रमंडळींसह युद्धखेळ खेळणारा तरुण होता. साहित्यसमीक्षेच्या दृष्टीने या खोक्याची दखल घेण्यास तेव्हा काहीच कारण नव्हते. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत अद्भुत कथनाचा एक नवा प्रकार त्यातून उभा राहिला, आणि समीक्षेने त्याकडे पाहिले ते बहुधा करमणुकीच्या समाजशास्त्राचा विषय म्हणून. प्रस्तुत लेखात त्याचा विचार कथनाच्या अंगाने करावयाचा आहे. आणि तोही एकाच प्रश्नापुरता : अशा खेळातील काल्पनिक जगाला रंगत येते ती कशाने?

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. चार-सहा माणसे टेबलाभोवती बसतात. त्यांपैकी एक पंच असतो; जग त्याच्या ताब्यात असते. उरलेले प्रत्येकी एकेक पात्र वठवतात, पण रंगभूमीवर नव्हे, केवळ बोलून. 'समोर दगडी जिना आहे, खालून पाण्याचा आवाज येतो आहे,' असे पंच सांगतो. 'मी मशाल विझवून खाली उतरतो,' असे खेळाडू सांगतो. ज्या कृतीचे फलित संशयास्पद असेल तिचा निर्णय फासे करतात. अशा बैठकींची मालिका महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे चालते, आणि तिला मोहीम म्हणतात. लिखित संहिता नसते, प्रेक्षक नसतो, सांगणारे आणि ऐकणारे तेच असतात. कोकणातील दशावतारी नाटकात कथानक ठरलेले आणि संवाद ऐनवेळचे असतात, हे आपल्या परिचयाचे आहे. येथे कथानकही ठरलेले नसते. ठरलेले असते ते फक्त जग. म्हणूनच या प्रकारात जगाच्या घडणीला आपल्याकडे कथावस्तूला असते तेवढे महत्त्व येते.

खेळाडूंच्या बोलीत नियम आणि 'फ्लेवर' असा एक भेद रूढ आहे. तलवारीने किती इजा होते हा नियम. ती तलवार कोणी घडवली, तिच्या मुठीवर कोणाचे चिन्ह आहे, हा फ्लेवर. मराठीत या शब्दासाठी 'रस' योजण्याचा मोह होईल. तो टाळलेला बरा. रस ही निष्पत्ती आहे. विभावादिकांच्या संयोगाने ती होते, ती वरून घालता येत नाही. 'रंगत' हा शब्द मला अधिक नेमका वाटतो. कीर्तनात, वगात, गप्पांतही रंगत 'आणली' जाते. आणि ती 'येत नाही' असेही आपण म्हणतो. आणणे आणि येणे यांमधील हे अंतर हाच या इतिहासाचा विषय आहे.

आरंभी रंगत हा प्रश्नच नव्हता. या खेळांचे कूळ प्रशियाच्या लष्करी युद्धखेळांपर्यंत जाते. धाकट्या राइसविट्झने १८२४ मध्ये प्रसिद्ध केलेले नियम अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी होते, आणि त्यांत पंचाची भूमिका होती. १८७६ मध्ये फेर्दी द्यू वेर्न्वा याने नियमांचा पसारा बाजूस सारून पंचाच्या विवेकावर भर दिला. कथनाच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे, कारण सारणीऐवजी माणसाने 'मग असे घडले' म्हणणे येथे अधिकृत झाले. १९६९ मध्ये सेंट पॉल येथे डेव्हिड वेझली याने ब्राउनस्टाइन या काल्पनिक जर्मन गावाचा खेळ मांडला आणि खेळाडूंना सैन्याच्या तुकड्यांऐवजी गावातील एकेका व्यक्तीची भूमिका दिली. सैन्य गेले, माणूस आला. आर्नेसनने त्या माणसाला ब्लॅकमूर नावाच्या किल्ल्याच्या तळघरात उतरवले. दरम्यान गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी १९७१ मध्ये 'चेनमेल' हे मध्ययुगीन लढायांचे नियमपुस्तक छापले होते, आणि त्याच्या शेवटी ड्रॅगन, जादूगार आणि परीकथांतील इतर प्राण्यांविषयीची पुरवणी जोडली होती. अद्भुताने या खेळात प्रवेश केला तो असा, पुरवणीच्या दाराने.

तळघरात माणूस उतरला, पण तेथे त्याला भेटावयाचे कोण? हा प्रश्न जितका व्यावहारिक तितकाच काव्यशास्त्रीय होता, आणि पहिल्या पिढीने त्याचे उत्तर उसनवारीने दिले. रॉबर्ट हॉवर्ड, फ्रिट्झ लायबर, एडगर राइस बरोज, टॉल्किन, जॅक व्हान्स यांच्या कथांतून जे हाताशी लागले ते घेतले गेले. पाठ केलेला मंत्र एकदा उच्चारल्यावर स्मृतीतून पुसला जातो ही कल्पना व्हान्सच्या १९५० मधील 'द डाइंग अर्थ'मधील आहे. त्याचे ऋण एका दुष्ट जादूगाराच्या नावातील अक्षरे उलटसुलट करून फेडले गेले, तो जादूगार म्हणजे 'व्हेक्ना'. १९७९ च्या पंच-पुस्तिकेत गायगॅक्सने अशा प्रेरणास्थानांची यादीच परिशिष्टात दिली. टॉल्किनच्या बाबतीत उसनवारी कायद्याच्या दारी पोहोचली आणि 'हॉबिट'चे 'हाफलिंग', 'एन्ट'चे 'ट्रीअन्ट' झाले. नाव बदलले, प्राणी तोच राहिला. नाव आणि वस्तू यांचा संबंध या जगात किती सैल होता हे दाखवणारा याहून चांगला दाखला नाही. लोखंड खाऊन गंजवणारा राक्षसी कीटक, घुबडाच्या डोक्याचे अस्वल हे १९७५ पासूनचे लोकप्रिय प्राणी तर हाँगकाँगमध्ये तयार झालेल्या स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यांवरून सुचले. त्या खेळण्यांना ओळखण्याजोगे रूप नव्हते म्हणूनच त्यांना गोष्ट देता आली. या उसनवारीतील ही एक गोष्ट मला निर्भेळ आनंदाची वाटते. आपल्याकडे दगडाला शेंदूर लागल्यावर त्याची कथा तयार होते, तसेच काहीसे हे आहे.

परंतु ज्याला आधीपासून गोष्ट आहे ते उसने घेतले की काय होते? १९७६ च्या एका पुरवणीत आणि पुढे १९८० च्या 'डीटीज अँड डेमीगॉड्स' या ग्रंथात जगभरातील देवतांना खेळात आणले गेले. त्यांत इंद्र, अग्नी, यम आणि कालीही होत्या; प्रत्येकीपुढे तिचे चिलखती संरक्षण आणि ती किती आघात सोसू शकते याचे आकडे होते. वृत्राला मारल्यावर इंद्राच्या वाट्यास आलेले पातक, त्याचे भय आणि लपून राहणे यांतले काही त्या आकड्यांत बसण्यासारखे नव्हते. तक्रार धार्मिक भावनेची नाही, कथनाची आहे. देवतेची कथा म्हणजे तिचे संबंध. संबंध काढून आकडा ठेवला की उरतो तो फक्त अधिक बळकट प्रतिस्पर्धी.

राक्षसाचे उदाहरण याहून बोलके आहे. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये 'राक्षस' याच नावाचा प्राणी आहे. तो मूळचा भारतातील, नरमांसाची आवड असलेला, मायावी, समोरच्याच्या मनातील विश्वासू माणसाचे रूप घेणारा. आणि पुरोहिताने मंत्रवलेल्या धनुष्याच्या बाणाने मरणारा. आपण रामायणातील 'कामरूपी' हे विशेषण आठवतो आणि मायेपुरती ओळख पटते. पण तो मंत्रवलेला बाण कोठून आला? डिसेंबर १९७४ मध्ये 'कोलचॅक : द नाइट स्टॉकर' या अमेरिकी दूरदर्शन-मालिकेच्या एका भागात शिकागोच्या वृद्ध ज्यू वस्तीत राक्षस येतो, ज्याच्यावर सर्वाधिक विश्वास त्याचे रूप घेऊन माणसे खातो, आणि अशाच बाणाने मारला जातो. साम्य योगायोगाचे म्हणता येणार नाही. (त्याच कथेत भिंतीवर काढलेली स्वस्तिके वस्तीतील लोकांना नाझी द्वेषाची खूण वाटतात, वास्तविक ती एका वृद्ध हिंदू माणसाने राक्षसापासून रक्षणासाठी काढलेली असतात. एका चिन्हाचे दोन संकेतव्यूह एकमेकांवर आदळण्याचा हा प्रसंग त्या खेळात मात्र आला नाही; आला तो फक्त बाण.) डेव्हिड ट्रॅम्पिअरने काढलेल्या चित्रात या राक्षसाला वाघाचे डोके, अंगात उंची घरगुती कोट आणि हाती धूम्रपानाची नळी आहे. पुढच्या आवृत्त्यांत वाघाचे डोके हेच राक्षसाचे लक्षण ठरले. आज जगातील कितीतरी तरुणांच्या मनात 'राक्षस' या संस्कृत शब्दाचा अर्थ वाघमुखी सभ्य गृहस्थ असा आहे. याचे हसू येते. पण हसून झाल्यावर लक्षात येते की हे चित्र विलक्षण प्रभावी आहे. त्यातील भय त्या कोटातून, म्हणजे सभ्यतेच्या आवरणातून येते. उसनवारीत अर्थ नष्टच होतो असे नाही. कधी नवा अर्थ चिकटतो, पण तो उसने घेणाऱ्याच्या समाजाचा असतो.

अशा उसन्या रंगतीला उत्तर म्हणून ज्या कृतीकडे वारंवार बोट दाखवले गेले ती १९७५ मधील 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन'. पाकळ्यांच्या सिंहासनाचे साम्राज्य असा या नावाचा अर्थ. प्रकाशक तेच, किंमत मात्र पंचवीस डॉलर. कर्ता एम. ए. आर. बार्कर हा मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई भाषांचा प्राध्यापक होता. त्याचा जन्म १९२९ चा, मूळ नाव फिलिप. १९५१ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर तो भारतात आला आणि त्याच काळात इस्लाम स्वीकारून मुहम्मद अब्द-अल-रहमान झाला. ऑरेगनमधील मूळ रहिवाशांच्या क्लॅमथ भाषेवर त्याने बर्कली येथे प्रबंध लिहिला. तिच्या कथा आणि कोश १९६३ मध्ये, व्याकरण १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले. नंतर मॅकगिल विद्यापीठात असताना उर्दूचा (१९६७) आणि बलुचीचा (१९६९) असे दोन अभ्यासक्रम त्याने सहकाऱ्यांसह सिद्ध केले. उर्दू शिकवणाऱ्यांना ते नाव परिचित आहे. १९७२ मध्ये तो मिनिआपोलिसला आला, म्हणजे ज्या जोडशहरांत ब्राउनस्टाइन आणि ब्लॅकमूर घडले होते तेथेच. बालपणापासून मनात वाढवलेले टेकुमेल हे जग त्याच्यापाशी तयार होते. १९७४ मध्ये नवा खेळ पाहताच त्याने त्या जगासाठी नियम लिहिले.

टेकुमेल हा दूरच्या भविष्यातील एक ग्रह आहे. माणसांनी तो राहण्याजोगा केला, आणि मग एका वैश्विक उत्पातात तो बाकी विश्वापासून तुटला. आकाशातून तारे नाहीसे झाले. लोखंड दुर्मीळ, म्हणून चिलखते ख्लेन नावाच्या जनावराच्या कमावलेल्या कातड्याची. घोडे नाहीत. युरोपीय मध्ययुगाची कोणतीही सोयीची खूण नाही. राज्ये, कुळे, पंथ, जुन्या राजवंशांच्या अवशेषांवर बांधलेली नगरे यांतून मेसोअमेरिका, इजिप्त आणि दक्षिण आशिया यांच्या छटा जाणवतात. पण बोट ठेवून 'हे तेथले' असे म्हणता येत नाही. हे उसनवारीचे नव्हे, पचवल्याचे लक्षण आहे.

तरीही ही सर्व सामग्रीच झाली. बार्करचे खरे वैशिष्ट्य मला दुसरीकडे दिसते. त्याच्या साम्राज्याला त्सोल्यानी ही भाषा आहे; तिला लिपी, व्याकरण, शब्दसंग्रह आहे. काल्पनिक जगासाठी भाषा रचणारा तो पहिला नव्हे. टॉल्किनने तर भाषांसाठी जग रचले. परंतु दोघांच्या भाषाविचारात मूलगामी फरक आहे. टॉल्किनच्या भाषा इतिहास वाहतात : एका मूळ ध्वनीचे दोन शाखांत काय झाले, हे त्यांत कळते. बार्करची भाषा दर्जा वाहते. तीत 'तू' या अर्थाची सर्वनामे अनेक आहेत, आणि कोणते योजावयाचे हे बोलणारा व ऐकणारा यांच्या सामाजिक स्थानावरून ठरते. टॉल्किनच्या भाषा ऐकाव्या लागतात. बार्करची वापरावी लागते, आणि वापरताना चूक होऊ शकते.

या चुकीची तरतूद खेळाच्या रचनेतच आहे. १९७५ च्या नियमांनुसार खेळाडूंची पात्रे त्या साम्राज्याची नागरिक नसतात. ती दूरच्या प्रदेशातून लहान नावेने जकाल्ला या बंदरात उतरलेली परकी, रानटी माणसे असतात. त्यांना परक्यांच्या वसाहतीत राहावे लागते, नगरात मोकळे हिंडता येत नाही. कोणी प्रतिष्ठित माणूस काम देईल तर पुढची वाट उघडते. आगळीक झाली तर सुळावर चढवण्याची शिक्षा ठरलेली. कथनतंत्र म्हणून हे विलक्षण चतुर आहे. वाचकाला अपरिचित जग कसे सांगावे, हा अद्भुतकथेचा जुना पेच. कादंबरीकार त्यासाठी प्रस्तावना लिहितो किंवा एखादा जिज्ञासू प्रवासी योजतो. बार्करने खेळाडूचे अज्ञान हेच पात्राचे अज्ञान केले. समोर आलेल्या अधिकाऱ्याला कोणत्या सर्वनामाने संबोधावे हे मिनिआपोलिसच्या विद्यार्थ्याला माहीत नसे, आणि त्याच्या पात्रालाही माहीत नसे. रंगत येथे वर्णनातून येत नाही, अडखळण्यातून येते.

इंग्रजीत एकच 'यू' आहे. 'तू', 'तुम्ही', 'आपण' यांत वाढलेल्या आपल्यासारख्यांना, किंवा उर्दूच्या 'तू', 'तुम', 'आप' यांत वाढलेल्यांना जे बालपणीच अंगवळणी पडते, ते त्या खेळाडूंसाठी अद्भुत होते. येथे थांबून विचार करावा लागतो. आपले रोजचे व्याकरण हा कोणाच्या तरी कल्पनाविश्वाचा मसाला आहे याचे सुरुवातीस मला कौतुक वाटले, हे कबूल करतो. परंतु मराठीतील एकेरी संबोधनाचा इतिहास कौतुकाचा नाही. वयाने आजोबा शोभेल अशा माणसाला गावातील पोराने 'अरे-तुरे' करावे, आणि त्याने मात्र त्या पोराला आदरार्थी बोलावे, हे दलित आत्मकथनांनी आपल्या वाङ्मयात नोंदवलेले वास्तव आहे. सर्वनाम हा येथे शिक्षेचा एक प्रकार होता. ज्याला त्या व्यवस्थेतून बैठक संपल्यावर उठून जाता येते त्याला ती रंगत. ज्याला उठता येत नाही त्याला ती रंगत कशी असेल? जकाल्लाच्या परक्या वस्तीतला खेळाडू हा प्रश्न एका संध्याकाळपुरता अनुभवतो, ही त्या खेळाची मर्यादा म्हणावी की सामर्थ्य, याविषयी माझे मत दोन्ही बाजूंना झुकते. एकच 'यू' असलेल्या भाषेतील तरुणाला खालच्या पायरीवर उभे राहून बोलावयास लावणे हे कोणत्याही वर्णनाने न साधणारे काम आहे. मात्र त्या पायऱ्या असाव्यात की नसाव्यात, हा प्रश्न टेकुमेलच्या रचनेत उपस्थित होत नाही. तेथे गुलामी आहे, नरबळी आहेत. देवतांचे दोन गट स्थैर्य आणि परिवर्तन असे आहेत. पहिल्या आवृत्तीत त्यांना 'चांगले' आणि 'वाईट' ही लेबले होती, पुढे ती गळून पडली. मनुष्याच्या वर्तनाचा निकष 'लान' आणि 'बुस्सान', म्हणजे आपल्या कुळाला व पंथाला शोभणारे आणि न शोभणारे, एवढाच. नीती म्हणजे औचित्य, आणि औचित्य म्हणजे स्थान. नीतिनिरपेक्ष, अ-पाश्चात्त्य जग म्हणून याचे कौतुक चाळीस वर्षे झाले.

मार्च २०२२ मध्ये टेकुमेलचे हक्क सांभाळणाऱ्या प्रतिष्ठानाने एक निवेदन काढले. १९९१ मध्ये रँडॉल्फ डी. कॅल्व्हरहॉल या टोपणनावाने 'सर्पंट्स वॉक' ही नवनाझी कादंबरी अमेरिकेतील एका वंशद्वेष्ट्या प्रकाशनाने काढली होती. तिचा लेखक बार्कर होता, हे त्या निवेदनात मान्य केले होते. ज्यूंच्या वंशसंहाराला नाकारणाऱ्या 'जर्नल ऑफ हिस्टॉरिकल रिव्ह्यू' या नियतकालिकाच्या संपादकीय सल्लागार मंडळावरही त्याचे नाव होते. बार्कर २०१२ मध्ये वारला होता. प्रतिष्ठानातील मंडळींना ही गोष्ट आधी माहीत असूनही त्यांनी ती जाहीर केली नव्हती, हेही त्यांनी मान्य केले.

साहित्यसिद्धान्ताच्या वाचकांना येथे पॉल द मान आठवणे अपरिहार्य आहे. १९८३ मध्ये द मान वारला, १९८७ मध्ये त्याचे व्याप्त बेल्जियममधील लेख उजेडात आले, आणि विरचनेच्या समर्थकांनी व विरोधकांनी ते लेख त्याच्या पुढील सर्व लेखनाची किल्ली म्हणून वापरले. ती घाई होती. बार्करच्या बाबतीत तीच घाई टाळावयाची असली तरी दोन्ही प्रकरणे समान नाहीत. द मानचे लेख विशी-बाविशीतले, व्यापलेल्या देशातले. बार्करची कादंबरी साठीतली, सुस्थिर प्राध्यापकाची, कोणाचाही दबाव नसताना लिहिलेली. एक लेखन मागे टाकलेले, दुसरे लपवून ठेवलेले.

लेखकाच्या मृत्यूची घोषणा बार्थने १९६० च्या दशकाच्या अखेरीस केली. ती येथे लागू करून मोकळे होता येईल का? भूमिका-खेळाच्या बाबतीत तिला एक विशेष आधार आहे खरा. टेकुमेलची संहिता प्रत्येक टेबलावर दुसरा पंच आणि दुसरे खेळाडू नव्याने घडवतात. बार्कर दर गुरुवारी आपल्या घरी जी मोहीम दीर्घकाळ चालवीत असे ती त्यांतील केवळ एक होय. परंतु या युक्तिवादात एक खोट आहे. खेळाडू कथानक घडवतात, जग घडवीत नाहीत. जगाच्या पायऱ्या लेखकाने घातलेल्या असतात. दुसऱ्या बाजूने, टेकुमेलमधील प्रत्येक पायरीत नाझीवाद शोधणे हेही वाचन नव्हे. विविध वर्णांची, विविध कुळांची माणसे, आणि सर्वत्र शिरलेल्या संकरित परंपरा हे त्या जगाचे प्रत्यक्ष द्रव्य आहे. वंशशुद्धीच्या कल्पनेला ते अनुकूल नाही. मग दुवा कोठे? माझ्या मते तो सामग्रीत नाही, दृष्टिकोनात आहे. समाजाकडे वरून, संपूर्ण नकाशा हाती असल्याप्रमाणे पाहण्याची, प्रत्येकाला त्याची जागा आणि त्या जागेचे सर्वनाम देऊन निश्चिंत होण्याची एक वृत्ती असते. ती व्याकरणकाराची गरज असू शकते, विश्वरचनाकाराची हौस असू शकते, आणि आणखी काहीही असू शकते. तिचे एका रूपातून दुसऱ्या रूपात जाणे अटळ नाही. पण 'नीतिनिरपेक्ष' हे विशेषण आपण जितक्या सहज वापरले तितक्या सहज ते वापरावयास नको होते, एवढे चाळीस वर्षांच्या कौतुककर्त्यांनी आणि उशिरा त्यांत सामील झालेल्या माझ्यासारख्यांनी मान्य करावयास हरकत नाही.

या सर्वांत क्लॅमथ भाषेचा विचार सहसा कोणी करीत नाही. बार्करने १९५० च्या दशकाच्या मध्यास त्या लोकांकडून कथा आणि शब्द टिपले. नेमके तेव्हा, १९५४ च्या कायद्याने, अमेरिकी शासनाने त्या जमातीची अधिकृत मान्यताच संपुष्टात आणली होती. ती परत मिळाली १९८६ मध्ये. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ती भाषा जन्मापासून अस्खलित बोलणारे कोणी उरले नाही. ती नव्याने शिकू पाहणाऱ्या क्लॅमथ लोकांना १९६३ चा कोश आणि १९६४ चे व्याकरण ओलांडून जाता येत नाही. त्सोल्यानीचे व्याकरणही त्याच हातचे, त्याच पद्धतीचे आहे : ध्वनी, रूपे, वाक्ये, मग संहिता. एका भाषेला बोलणारे होते आणि त्यांचे राज्य काढून घेतले गेले. दुसरीला बोलणारे कधीच नव्हते आणि तिला साम्राज्य मिळाले. 'सर्पंट्स वॉक'मुळे क्लॅमथ कोश बाजूला ठेवावा असे कोणी म्हणत नाही, म्हणू शकणारही नाही. टेकुमेलबाबत मात्र काही गटांनी २०२२ नंतर खेळ थांबवला, काहींनी चालू ठेवला. जे खेळतात त्यांच्या टेबलावर आजही नाव जकाल्लाच्या धक्क्याला लागते, पहारेकरी पुढे येतो, आणि नवखा खेळाडू त्याला काय म्हणून हाक मारावी या विचारात क्षणभर गप्प राहतो.